यादीत नाही ते गैरहजर

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक कुंडी, आणि मातोश्रींनी बळेबळे कोंबलेली उशी. त्यांचं म्हणणं, परक्या उशीवर मान आखडते. मानेचं माहीत नाही, पण बसमध्ये ती उशी मांडीवर धरून धरून हात मात्र आखडले.

क्वार्टर ऑफिसच्या मागच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, आणि खिडकीतून पार्किंगची शोभा. पण स्वच्छ! इतकी स्वच्छ जागा मला आयती कधी मिळाली नव्हती. दार कार्डानं उघडतं. गेटवरच्या मामांनी स्वतः बॅग वर आणून दिली आणि वर म्हणाले, की काही लागलं तर हाक मारा ताई, लाजू नका. मी कुठली लाजतेय.

माझी लेक, मुंगी, सध्या तिच्या आजीपाशी. सात वर्षांची झाली तरी मला सोडताना असं तोंड केलं, की मी बसमध्ये मागे वळून बघितलंच नाही. तिचे बाबा वेगळे झाल्यापासून आम्ही दोघीच. इथं बस्तान बसलं की पहिलं काम, तिला घेऊन येणं. ही नोकरी त्यासाठीच तर धरली.

६ नोव्हेंबर, बुधवार

काम माझ्या आवडीचं आहे. कंपनीचे दोनशे चाळीस सर्व्हर क्लाउडमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत, आणि त्यांची रोजची धुणीभांडी माझ्याकडे. नवीन मशीन उभं करा, जुनं काढा, कुलपं बदला, जागा भरली तर झाडून घ्या. हे हातानं करायला बसलं तर नाकी नऊ येतील. म्हणून प्लेबुक लिहायचं. मुंगीला मी सांगितलं होतं, की प्लेबुक म्हणजे मशीननं कसं असावं याचं वर्णन. कसं करायचं ते सांगायचं नाही, कसं हवं तेवढंच लिहायचं. अमुक हजर, तमुक गैरहजर. चालवलं की जे आहे ते लिहिल्यासारखं होतं. आधीच तसं असेल तर हातही लावत नाही. मुंगीनं लगेच विचारलं होतं, की मग माझी खोली आवरायचं प्लेबुक लिहिशील का.

माझ्या आधी इथं जो होता त्याला मी मास्तर म्हणते. फार नीटनेटका माणूस. सगळं प्लेबुक आपल्या भाषेत, ओळीओळीला समजावून. रोज सकाळी दहाला ते आपोआप चालतं आणि अहवाल येतो. ठीक इतके, बदलले इतके, वगळले इतके. आमच्या विभागाच्या मॅडमना विचारलं, की कोण होते हो हे. तर त्या म्हणाल्या, की ही जागा पहिल्यापासून रिकामीच होती. मॅडमच्या डोक्याला शंभर ताप, विसरल्या असतील.

गंमत म्हणजे मास्तरांनी क्वार्टरही यादीत घातलंय. दिवे, गीझर, पडदे, दाराचं कुलूप, सगळं ऑफिसच्या नेटवर्कवर आहे, त्यामुळे शक्य आहे म्हणा. खाली एक ओळ, राहणारे: १. बरोबर आहे. तूर्तास.

११ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारी सकाळी टेबल खिडकीपाशी सरकवलं होतं. दुपारी जेवायला घरी गेले तर ते पुन्हा भिंतीला. चिडले. झाडणाऱ्या बायका न विचारता कशाला हात लावतात? मग सहज यादी उघडली. मास्तरांनी लिहिलंय, टेबल: भिंतीला. मी खोडून खिडकीपाशी लिहिलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारीच, टेबल खिडकीपाशी. बायकांना यादीची प्रत जात असणार. काय शिस्त आहे! आमच्या घरी मी घसा फोडून सांगितलं तरी चप्पल स्टँडवर जात नव्हती.

शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाला बसतो, सुरक्षेचं काम बघणारा. भला माणूस, पण खोडकर हाताचा. प्लेबुकला न सांगता सर्व्हरवर जाऊन काहीबाही दुरुस्त करून येतो. मला त्याची चीड आहे. कागदावर एक आणि मशीनवर दुसरंच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तमाशाच झाला. चष्मेवाल्यानं तीन मशीनं परस्पर उभी केली होती, कशाला ते त्यालाच आठवेना. दोन दिवस माझा हिशेब जुळत नव्हता तो यामुळे. मी मॅडमसमोर त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो कान पकडून सॉरी म्हणाला, चहा पाजला, मिटलं.

पण मी कानाला खडा लावला. जेवणानंतर बसून एक नियम लिहिला. यादीत नाही ते गैरहजर करा. म्हणजे जे मी लिहिलंय तेच राहील, बाकीचं साफ. चालू मशीन मात्र फटकन काढायचं नसतं, त्याच्यावरची कामं पडतात. म्हणून टप्पे घातले. सुट्टी सोडून रोज एक टप्पा. आधी त्याची कामं दुसरीकडे द्या, मग त्याची दारं बंद करा, मग नाव पुसा, शेवटी मशीन. ज्याच्यावर काही कामच नाही ते लगेच काढलं तरी चालतं. आणि कुणी हा नियम पुसू नये म्हणून वर आणखी एक ओळ घातली, हे नियम कायम हजर. चष्मेवाल्याला आता करू दे काय करायचं ते. सेव्ह करताना कुठं लागू ते विचारलं, मी सर्व लिहून मोकळी झाले.

मॅडमनी पाठ थोपटली. खूश आहे मी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. सकाळी उशिरा उठले, अंघोळ करून आले तर खोली ओकीबोकी. भिंतीवरचं मुंगीचं चित्र नाही. उशी नाही. कुंडी नाही. दाराला आतून कडी होती!

सर्व. मी सर्व लिहिलं होतं. सर्व्हर लिहायला हवं होतं. क्वार्टरसुद्धा त्यात आलं.

पण कडी लावलेली असताना कोण आलं? मग वाटलं, बघू तरी. लॅपटॉप उघडून यादीत लिहिलं, उशी: १, चित्र: १, कुंडी: १. चालवलं. स्वयंपाकघरातून पाणी पिऊन आले. उशी पलंगावर, चित्र भिंतीवर, कुंडी खिडकीत.

कुंडी रिकामी. रोप नाही, माती नाही. चित्राच्या चौकटीत कोरा कागद.

जितकं लिहिलं तितकंच आलं. हे मी कुणाला सांगू? सांगितलं तर हसतील. मलाच हसू आलं असतं. नियम पुसला, चालवलं, तर नियम परत आला. मीच लिहिलंय ना, कायम हजर. मी हुशार!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर सगळं सुरळीत. माझ्या वस्तू एकेक करून नीट लिहून ठेवल्या, कुंडीत रोप, रोपाला पानं सात. मॅडमकडे दुसरी खोली मागितली, पुढच्या महिन्यात देते म्हणाल्या. यादीतून क्वार्टर काढायचा प्रयत्न केला, तेही दहाला परत. वस्तूंपुरतंच असेल तर राहू दे, अशी मनाची समजूत घातली. घाबरट नाहीच मी तशी.

आणि आज संध्याकाळी मुंगी आली! मातोश्री इथल्या बसस्टँडपर्यंत सोडून गेल्या. आल्या आल्या पलंगावर उड्या, गीझरचा दिवा चालू बंद, खालचा एक दात हलतोय तो सतरा वेळा दाखवून झाला. गुडघा फोडून आणलाय. झोपेत माझा पदर मुठीत धरून आहे. किती दिवसांनी मला अशी झोप येतेय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

घाईत लिहितेय, अक्षर येईल तसं.

मी स्वयंपाकघरात सफरचंद कापत होते. ती बाहेर पलंगावर गुणगुणत होती. शाळेतलं काहीतरी, तीनच ओळी, फिरून फिरून. गुणगुणणं थांबलं. मी हाक मारली. बाहेर आले तर चादर तणतणीत, एक सुरकुती नाही. तिची बॅग नाही. चपला नाहीत. घड्याळात दहा वाजून एक मिनिट. दाराला कडी.

मोबाइलवर अहवाल आला होता. बदलले: १.

राहणारे: १. दोघी झालो होतो. आणि तिच्यावर कुठलंच काम नाही, म्हणून लगेच.

मातोश्रींना फोन लावला. मी ओरडतच होते, मुंगी, मुंगी. त्या म्हणाल्या, कोण मुंगी ग? तुला बरं नाहीये का? नात म्हणे? असती तर सोनं झालं असतं.

मग मी लिहायला बसले. रोप विसरले होते तसं काही विसरायचं नाही. नाव. वय सात. उंची आजीच्या दारावरच्या खुणेइतकी. डाव्या गालावर तीळ. केस खांद्यापर्यंत, पुढे वळतात. काय आवडतं, कशाला घाबरते, डाव्या कुशीवर झोपते. अक्षरं येतात, हो. दात, हलणारा एक. ती तीन ओळींची चाल. पायाच्या बोटांची नखं कशी, तेसुद्धा. दीड तास लिहीत होते आणि रडत होते. राहणारे खाली तिचं नाव घातलं. जागा: पलंग. चालवलं.

वळून बघायची हिंमत होईना. पाठीमागे गुणगुणणं सुरू झालं.

मी तिला इतकं घट्ट धरलं, की ती म्हणाली, दुखतंय. जीव भांड्यात पडला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आहे. सगळी आहे. तीळ, केस, चाल. गुडघ्यावरची जखम नाही, ती लिहायची राहिली. बरंच झालं, असं म्हटलं स्वतःला.

साडेनऊला तिचा दात पडला. हातात घेऊन नाचली, मग माझ्याकडे दिला. दहाला तो परत तोंडात, हलतोय. माझ्या तळहातावरचा गेला. ती नाचलेलीही तिला आठवत नाही. रोज दहाला ती लिहिल्यासारखी होणार. सात वर्षांची. रोज.

काल दुपारपासून तिनं मला एकदाही हाक मारलेली नाही. पाणी हवं असलं तर नुसतं पाणी हवंय म्हणते. रात्री पदर धरला नाही. डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी तिची वेणी घालत होते. तिनं अगदी शहाण्या मुलीसारखं विचारलं, काकू, तुम्ही इथं कामाला आहात का?

कंगवा गळून पडला हातातून.

मी लिहिलंच नाही. तिची नखं लिहिली, आणि तिला आई आहे हे लिहिलं नाही. ते काय लिहायचं असतं? माझीच ती, म्हणून तर लिहीत होते. सगळं घर लिहिलं आणि लिहिणारी राहिली. आमच्या धंद्यातही असंच चालतं, ज्या मशीनवरून हुकूम जातो त्याचं नाव यादीत कुणी घालत नाही. ते तर असतंच, असं धरलेलं असतं.

लगेच लिहिलं, आई: मी. नाव, वय, सगळं. चालवलं. अहवाल आला, स्वतःची नोंद स्वतः करता येत नाही. वगळले: १. पाच वेळा केलं. राहणारे २ केलं. नाव एकच आहे म्हणून परत १.

तिची ओळ पुसली तर ती जाते. ठेवली तर आकडा एक आणि नाव तिचं. मग जास्तीची कोण?

ऑफिसला गेले. माझी सगळी कामं चष्मेवाल्याकडे गेली आहेत. मॅडमना वाटलं मीच दिली. पहिला टप्पा.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नऊला तिला घेऊन निघाले. बसमध्ये खिडकीशी तिला बसवलं, हात घट्ट धरला. तिनं सोडवून घेतला नाही, चांगल्या वळणाची आहे. दहाला माझी मूठ मिटली. आत काही नव्हतं.

कंडक्टरला म्हटलं थांबव. धावत, रिक्षानं, धावत परत. कार्ड लागेना. मामांनी अडवलं, कोणाकडे जायचंय बाई? ताई नाही. बाई. त्यांची नजर चुकवून वर गेले, दार वाजवलं. मुंगीनं उघडलं. म्हणाली, या काकू.

लॅपटॉप माझा चेहरा घेत नाही. दारं बंद. दुसरा टप्पा.

मास्तरांनीही असंच काहीतरी केलं असेल का? स्वतःला सोडून सगळं लिहिलं? त्यांचं नावसुद्धा कुणाला—

२७ नोव्हेंबर, बुधवार

दहा वाजून गेले. मातोश्रींना फोन केला. मी आई म्हटलं. त्या म्हणाल्या, राँग नंबर, बाळ. बाळ म्हणाल्या, सवयीनं, कुणालाही म्हणतात. ठेवला.

चष्मेवाल्याला पार्किंगमध्ये गाठलं. पाया पडते म्हटलं, एक ओळ लिही, फक्त एक. तो बिचारा घाबरला. कोणत्या विभागाच्या तुम्ही, म्हणाला. मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि—

येत नाही. माझं नाव येत नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, तिथं कागद कोरा आहे.

तिसरा.

मुंगी जेवली. मी भरवत होते तर म्हणाली, मला हातानं जेवता येतं. येतं, मी लिहिलंय तसं. फोडी मोठ्या झाल्या तर तिला ठसका लागतो, ते लिहिलं नाही. ताप चढला की बडबडते, ते लिहिलं नाही. उद्या मी नसले तर ती रोज दहाला पलंगावर असेल, सात वर्षांची, हलणारा दात घेऊन. दार तिला उघडतं. पण तिला जेवायला कोण—

मला माझी भीती नाही वाटत. खोटं कशाला, वाटतेय. पण ही वेगळी. ही सहन होत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

नऊ वाजलेत. एक गोष्ट सुचली. स्वतःची नोंद स्वतः करता येत नाही. पण ती करू शकेल. राहणारी ती आहे. अक्षरं येतात, हो.

नऊ वीस. तिला खेळ आहे म्हटलं. लॅपटॉपनं तिचा चेहरा लगेच घेतला. मी कीबोर्डला हात लावला तर बटणं दबत नाहीत. बोट त्यांवर टेकतं, एवढंच.

नऊ चाळीस. यादी सापडली. तिला वर खाली करायला शिकवायला वेळ गेला. मी ओरडले तिच्यावर. ओरडायला नको होतं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. परक्या बाईकडे बघतात तशी.

सॉरी म्हटलं. ठीक आहे काकू, म्हणाली.

नाव नाही मला, मग काय लिहायला सांगू? दोनच अक्षरं. आई. पुढे हजर. बस. बाकीची मी नाही आले तरी चालेल. कुंडीसारखी आले तरी—

नऊ पन्नास. तिनं विचारलं, कुणाची आई लिहू?

तुझी, म्हटलं.

तिनं विचार केला. म्हणाली, मला नाहीये.

नऊ त्रेपन्न. पाया पडले तिच्या. खरंच पडले. तिला हसू आलं. खेळ समजून बसली परत. बरं काकू, लिहिते, म्हणाली.

एका बोटानं लिहिते. आ सापडला. शिफ्ट सोडू नकोस. ई. झालं, आई झालं, शाबास माझी—

नऊ अठ्ठावन्न. दोन ठिपके. ह. वरच्या ओळीत होता. पेन्सिल जड लागतेय हातात, नाही, हात हलका—

ज शोधतेय. गुणगुणतेय. बोट दिसत नाहीये मला माझं, पेन्सिल दिसते. ज पण वरच, शेवटी, त्या टोकाला, हां, तोच. आता र, एकच राहिला, र मधल्या ओळीत आहे सोन्या, मधल्या, इकडे बघू नको, माझ्याकडे नको बघूस, तिकडे, उजव्या हाता